वॉट लागली!

गेले तीन शनिवार आमच्या घरात एकच विषय चालू आहे: होम थिएटरला वेगळा पॉवर ॲम्प घ्यायचा की नाही. "आमच्या घरात" म्हणजे खरं तर माझ्या डोक्यात, कारण बायकोने पहिल्याच शनिवारी "नाही" म्हणून विषय संपवला होता. पण आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. कुणी नुसतं "नाही" म्हटलं की आम्हाला "का नाही?" विचारल्याशिवाय झोप येत नाही.

पार्श्वभूमी सांगतो. दोन वर्षांपूर्वी कर्वे रोड सोडून आम्ही लवळ्याला राहायला आलो. टेकडीवर सिंबायोसिस, जवळच फ्लेम, मध्ये जुनं गाव आणि आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या सोसायट्या. नव्या हॉलमध्ये मी हौसेने ५.१ चा सेट लावला. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि खोक्यावर '८० वॉट प्रति चॅनल' लिहिलेला एव्ही रिसीव्हर. सगळं सुरळीत होतं, बाबा गावाहून येईपर्यंत.

बाबांची तक्रार साधी होती. "अरे, तो काय म्हणाला? कळलं नाही. आवाज वाढव जरा." आवाज वाढवला की पुढच्याच मिनिटाला गाडी उडायची किंवा गाणं सुरू व्हायचं. आत झोपलेली लेक उठायची आणि मी घाईघाईने आवाज कमी करायचो. चारपाच वेळा असं झाल्यावर बाबा काही न बोलता पेपर घेऊन गॅलरीत जायला लागले. मला ते लागलं. एवढा खर्च केला तो सगळ्यांनी एकत्र बसून सिनेमा बघावा म्हणून, आणि ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून गावच्या टुरिंग टॉकीजला नेलं तेच उठून चाललेत!

एका मित्राने निदान केलं, "तुझ्या रिसीव्हरमध्ये दम नाही. पुढच्या तीन स्पीकर्सना वेगळा पॉवर ॲम्प दे, डायलॉग कसे खणखणीत येतात बघ." किंमत साधारण सत्तर हजार. झालं, किडा डोक्यात शिरला.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. एव्ही रिसीव्हर म्हणजे एकाच डब्यात तीन माणसं. एक सिनेमाचा डिजिटल ट्रॅक उलगडून कुठला आवाज कुठे पाठवायचा ते ठरवतो, दुसरा आवाजाची पातळी ठरवतो आणि तिसरा हमालासारखा तो आवाज स्पीकरपर्यंत उचलून नेतो. हा तिसरा म्हणजे पॉवर ॲम्प. वेगळा ॲम्प घेणं म्हणजे या हमालाला रजा देऊन बाहेरून पैलवान बोलावणं. (त्यासाठी रिसीव्हरच्या पाठीमागे 'प्री-आउट' नावाची भोकं लागतात. ती नसतील तर विषय तिथेच संपला. आधी तेवढं बघून घ्या.)

प्रश्न असा की ओझं खरंच पैलवानाचं आहे का?

वॉट या शब्दाने आपल्या पिढीला फार फसवलंय. लहानपणी टू-इन-वनवर 'पीएमपीओ १००० वॉट' असं चकचकीत स्टिकर असायचं ना? तो आकडा म्हणजे एका निमिषापुरता, कसाबसा काढता येईल असा आवाज, आणि तोही कागदावरच. असल्या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला अमेरिकेत १९७४ साली सरकारला खास नियम करावा लागला होता. आजचे रिसीव्हर बरेच प्रामाणिक आहेत, पण खोक्यावरचे ८० वॉट बहुतेक वेळा 'दोनच चॅनल चालू असताना'चे असतात. पाचही चॅनल एकदम दमवले तर आकडा खाली येतो. मित्राचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही बसा, पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. सोफा तीन मीटरवर आहे. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल घटतात (खोलीत भिंतींमुळे कमी घटतात, पण आपण वाईटात वाईट धरू). उरले साडेसत्त्याहत्तर. आम्ही सिनेमा बघतो तेव्हा सोफ्यावर सरासरी ७२ डेसिबल भरतात. त्याला लागतो... पाव वॉटपेक्षा थोडा जास्त. हो, पाव! स्फोटाबिफोटासाठी सरासरीच्या वर वीस डेसिबल राखीव ठेवले, म्हणजे ९२, तरी अठ्ठावीस वॉट पुरतात. शिवाय खरी ताकद खाणारा जड, खालचा आवाज ८० हर्ट्झच्या खाली सबवूफरकडे वळवलेला असतो, आणि सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा ॲम्प असतोच.

विश्वास बसेना, म्हणून तपकीर गल्लीतून आणलेला जुना मल्टिमीटर काढला. रिसीव्हरमधला टेस्टचा खरखराट नेहमीच्या आवाजाला लावला आणि स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. साधारण दीड व्होल्ट. दीडचा वर्ग भागिले आठ ओहम, म्हणजे पुन्हा पाव वॉटच्या आसपास. (साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकतो, स्पीकरचा ओहमही सुरागणिक बदलतो, त्यामुळे हा अंदाजच. पण अंदाज पाव वॉटचा असताना चूक दुप्पट असली तरी काय बिघडतं?)

आता उलट बाजू. सत्तर हजार टाकून ८० चे २०० वॉट केले तर आवाज किती वाढेल? चार डेसिबल. शक्ती दुप्पट केली की तीनच डेसिबल वाढतात, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. निसर्गाचा हा हिशोब कुठल्याच कंपनीच्या खोक्यावर छापलेला नसतो. आणि ज्यांना थिएटरची अधिकृत पातळीच घरी हवीय, सरासरी ८५ आणि शिखर १०५ डेसिबल, त्यांना माझ्या स्पीकर्सवर याच हिशोबाने साडेपाचशेच्या वर वॉट लागतील. तिथे २०० चा पैलवानही उताणाच. त्यांनी ॲम्प नाही, जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावेत.

या सगळ्यात एक गंमत सापडली. कर्वे रोडच्या घरात रात्री दहालाही फोनवरचं ॲप पन्नास डेसिबल दाखवायचं. लवळ्यात रात्री खिडकी लावली की बत्तीस. फरक अठरा डेसिबल. वॉटच्या भाषेत बोलायचं तर साठपटीहून जास्त! म्हणजे तिथे जो संवाद ऐकू यायला गोंगाटावर मात करावी लागायची, तो इथे कुजबुजला तरी येतो. माझा सगळ्यात ताकदवान ॲम्प म्हणजे लवळ्याला येण्याचा निर्णय. (लग्नसराईत गावात 'डॉल्बी' लागतो तेव्हा मात्र हे वाक्य मागे घेतो. ज्या रे डॉल्बीने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करायला, आणि त्याआधी जो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात राहून गेला, त्याचं नाव महाराष्ट्रात भिंती हादरवणाऱ्या स्पीकरला पडावं, याला काय म्हणायचं!) असो.

तर दम कमी नव्हता. मग डायलॉग का कळत नव्हते?

आपल्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात: प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून लगेच मोठा सर्व्हर मागू नकोस, आधी वेळ कुठे जातोय ते मोज. घरात मात्र मी मोजायच्या आधीच सर्व्हर मागत होतो. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तो मी शोभेसाठी टीव्ही युनिटच्या खालच्या खणात आत ढकलला होता. तो बिचारा माझ्या गुडघ्यांशी बोलत होता! बाहेर ओढला, पुढून थोडा उचलून कानाकडे तोंड केलं. फरशीवर आईची जुनी जाड सतरंजी टाकली, समोरच्या काचेला जाड पडदा लावला. मधल्या चॅनलची पातळी तीन डेसिबल वाढवली आणि रात्रीपुरता 'नाईट मोड' लावला, ज्यात स्फोट दबतात आणि कुजबुज उचलली जाते. सतरंजी घरचीच, त्यामुळे एकूण खर्च पडद्याचा.

आम्हा दोघांना फरक लख्ख कळला. बाबांना थोडासाच.

इथे मी थांबलो. बाबांनी पस्तीस वर्षं साखर कारखान्यात मिल हाऊसमध्ये काढली. तिथल्या यंत्रांचा आवाज मी लहानपणी डबा द्यायला गेल्यावर ऐकलाय, शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. कानात घालायचं काही तेव्हा कुणी देत नव्हतं, दिलं असतं तरी कुणी घातलं नसतं. कानाची तपासणी केली. आलेखात खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत आणि वरचे सूर कड्यावरून कोसळल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांत. स, श, त, थ, फ हे बारीक, वरच्या सुरांचे आवाज, तेच त्यांना ऐकू येत नाहीत. म्हणून ते "आवाज येतोय पण कळत नाही" म्हणतात. आवाज वाढवला की 'आ' आणि 'ओ' आणखी मोठे होतात, 'स' आणि 'त' मागेच राहतात.

पॉवर ॲम्प नेमकं तेच करतो. सगळंच सारखं वाढवतो. मी सत्तर हजार देऊन बाबांना आणखी मोठ्याने न कळणारं ऐकवणार होतो.

मग वेगळा पॉवर ॲम्प कुणीच घेऊ नये का? तसं नाही. तुमचे स्पीकर चार ओहमचे किंवा ८३-८४ डेसिबलचे असतील, हॉल प्रचंड असेल आणि तुम्ही पाच मीटरवर बसत असाल, रिसीव्हर मोठ्या प्रसंगात धापा टाकून बंद पडत असेल (आधी त्याच्यापुढचं कपाटाचं दार उघडा, निम्मे रिसीव्हर नुसते उकाड्याने पडतात असं माझं मत), किंवा छतातले ॲटमॉसचे स्पीकर मोजून चॅनल कमी पडत असतील, तर खुशाल घ्या. एकेकाळी पुण्यात केडन्स नावाचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनायचे. तसला अवघड स्पीकर कुणाकडे असेल तर त्याला पैलवानच हवा. पण टू-बीएचकेच्या हॉलमध्ये, तीन मीटरवरून, शेजारच्यांना सांभाळत सिनेमा बघणाऱ्या आपल्यासारख्यांना तो लागत नाही. आपण तो घेतो कारण स्वतःचा हॉल आणि समोर बसलेली माणसं मोजण्यापेक्षा डबा विकत घेणं सोपं असतं.

सत्तर हजारांचं काय झालं? त्यात आणखी थोडी भर घालून दोन्ही कानांची यंत्रं आणली. बाबा महिनाभर "म्हातारा दिसतो" म्हणून कुरकुरत होते, आणि अजूनही दुपारी काढून ठेवतात. पहिल्या दिवशी यंत्रं घालून घरी आले, स्वयंपाकघराच्या दारात थबकले आणि म्हणाले, "हा फ्रिज एवढा वाजतो होय रे? दुरुस्त करून घे की."

फ्रिज ठणठणीत आहे. मी काही बोललो नाही. परवा शनिवारी मात्र सिनेमा संपेपर्यंत बाबा सोफ्यावर होते, आणि मध्ये एकदा मलाच म्हणाले, "जरा कमी कर, पोरगी उठेल."