मुखत्यारपत्राची मर्यादा

उतारवयात स्मृतिभ्रंश झालाच तर घर आणि बँकेचे व्यवहार मुलाने पाहावेत, या हेतूने एखादा निवृत्त शिक्षक मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारी देणाऱ्याचे मन विकल होताच ती मुखत्यारी संपुष्टात येते. गरज उभी राहावी आणि त्याच क्षणी कागद निरुपयोगी ठरावा, असा हा प्रकार! इंग्लंडने १९८५ सालीच स्वतंत्र कायदा करून ही उणीव दूर केली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याची मुभा दिली. मात्र रुग्णाच्या मालमत्तेचीही तरतूद करणारा १९८७ चा कायदा त्यानेच रद्द केला. परिणामी पालक नेमून घेण्यासाठी अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. कलम २०१ ला एक अपवाद जोडण्यास संसदेची हरकत कोणती?