खालांचं नाव, तीन कागदांवर तीन तऱ्हेचं

गेल्या महिन्यात शेजारच्या खाला एक जुनी पिशवी घेऊन आमच्या कोंढव्याच्या घरी आल्या. इद्दत संपून चारच दिवस झाले होते. मरहूम चाचा फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनवरच घर चालायचं. खाला म्हणाल्या, "बेटा, निकाहनामा उर्दूत आहे. मराठीत लिहून दे ना. तिथं कुणाला वाचता येत नाही."

आम्ही कागद पसरले. निकाहनाम्यात खालांच्या नावापुढे 'बी'. चाचांच्या पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, 'बेगम'. आधार कार्डावर आडनाव आधी, आणि 'बी'ही नाही, 'बेगम'ही नाही. जन्मतारखाही वेगवेगळ्या. खाला एकच, कागदांच्या हिशेबी बायका तीन! कुटुंब निवृत्तिवेतन अडलं ते इथंच. चाचा हयात असताना ही पिशवी कुणी उघडलीच नव्हती. आम्ही दोन भाषा शिकवतो, रोज त्यांना सलाम करून शाळेत जात होतो. पण आम्हीही कधी विचारलं नाही.

साधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं. मूळ रक्कम दरमहा किमान ९,००० रुपये, महागाई भत्ता वेगळा. हा विधवेचा हक्क आहे, खैरात नाही. पण कागदावरची बाई आपणच, हे तिला दाखवावं लागतं. नवरा हयात असेल तर हे काम एका अर्जाचं. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्रं, दाखले आणि हेलपाटे.

म्हणून ज्या घरात माजी सैनिक आहे, त्या घराने आजच पीपीओ काढून पाहावा. त्यात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आहे का? आधार आणि बँकेच्या पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळतं का? पेन्शन आता 'स्पर्श' या संगणक प्रणालीवरून मिळते, तिथली नोंदही तपासावी. निवृत्तीनंतर निकाह झाला असेल तर तोही कळवावा लागतो. दुरुस्तीचा अर्ज सैनिकाने स्वतः आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीला. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांपुढच्या गरजू माजी सैनिकांच्या मदतीचे अर्जही तिथंच होतात.

आणखी एक. पेन्शनर वारला तर लगेच कळवावं. इद्दतीतल्या बाईने त्यासाठी घराबाहेर पडायची गरज नाही, मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली पेन्शन काढून खर्च करू नये. ती परत वसूल होते, आणि नेमकी हातात पैसा नसतानाच.

खालांच्या निकाहनाम्याचं भाषांतर आम्ही करून दिलं. प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज गेला. इन्शाअल्लाह पेन्शन सुरू होईल. तोवर मोठा मुलगा घर चालवतो आहे आणि खाला किराणा दुकानदाराची नजर चुकवून जातात.

सोमवारी शाळेत आम्ही जनरल रजिस्टर उघडलं. एकाच मुलीच्या आईचं नाव पहिलीत एक, पाचवीत दुसरं. अक्षर आमचंच होतं. 'बी' आणि 'बेगम'चा घोळ नेहमी सरकारी कचेरीतच होतो असं नाही, तो कधी आमच्या पेनातून निघतो, कधी "काय फरक पडतो?" या तुमच्या उत्तरातून.

या जुम्म्याला नमाजनंतर मोहल्ल्यातल्या एखाद्या फौजी चाचांना एवढंच विचारा: "चाचा, पीपीओवर चाचींचं नाव बरोबर आहे ना?" ते हसतील. हसू द्या, पण कागद बघूनच या.