तिकीट कापू नका, पाकीट जपा

जुन्या पेटीत निजामी टपाल सापडले, की तिकीट कापून घ्यायचे आणि पाकीट रद्दीत टाकायचे, ही खोड जालना जिल्ह्याला तरी परवडणारी नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा, तर रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद होते. ती संस्थानापुरतीच चालत. जालना या संस्थानात होते, तर शेजारच्या बुलढाण्यात ब्रिटिश अंमल होता.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात या दोहोंमधली हीच हद्द संघर्षरेषा बनली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज जालन्यात शिरली. त्या धामधुमीतले पत्र कुठून निघाले, कधी पोचले, हे पाकिटावरचे शिक्केच सांगतात.

जिल्ह्यातल्या ग्रंथालयांनी अशी पाकिटे घराघरांतून मागवावीत, दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि मूळ पाकिटे कुटुंबांना परत द्यावीत.