काटा हलत नाही, मग चालायचे कशासाठी?

वजन कमी करणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड. आठवड्यातून एकदा टोचून घेतले की भूक मंदावते आणि काही महिन्यांत वजन उतरते. साहजिकच प्रश्न पडतो, की मग सकाळी साडेपाचला उठून चालायचे कशासाठी? प्रश्न निव्वळ आळसाचा नाही. वर्षभर नेमाने चालूनही ज्यांचे वजन जेमतेम दोन किलो घटले, त्यांच्या मनात तो इंजेक्शनांच्या आधीपासून आहे.

हिशेब त्यांच्या बाजूने आहे. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालले तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. परत येताना टपरीवर एक वडापाव खाल्ला की त्याच्या दुप्पट पोटात जातात. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. म्हणजे खाणे जराही न वाढवता महिनाभर रोज चालले, तरी अर्ध्या किलोच्या आसपासच फरक पडणार. प्रत्यक्षात तेवढाही पडत नाही, कारण चालून आल्यावर भूक लागते आणि दिवसभराची बाकीची हालचाल नकळत कमी होते. टांझानियातल्या शिकारी हाद्झा लोकांवरचा २०१२ मधला अभ्यास इथे आठवतो. दिवसभर रानात फिरणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, देहाच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर, शहरी अमेरिकी माणसाएवढाच निघाला. ‘घाम गाळा, वजन घटवा’ ही जिमच्या पाटीवरची ओळ म्हणूनच अर्धीच खरी आहे. वजन घटते ते मुख्यतः ताटातून.

पण वजनकाटा फक्त किलो सांगतो. त्यात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी नेमकी कुठे साठली, हे त्याला कळत नाही. भारतीयांच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ, पण आत चरबी, अशी ही भारतीय ठेवण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतही तेच दिसले. बीएमआयनुसार लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के, तर पोटाचा घेर जास्त असलेले ३९.५ टक्के.

यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साचणारी ही चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला वाट करून देते. नियमित व्यायामाने आधी उतरते तीही हीच. वजन तेवढेच राहिले तरी कमरेचा घेर कमी होऊ शकतो, आणि स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. म्हणून चालणाऱ्याने काट्याबरोबर शिंप्याची टेपही जवळ ठेवावी. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात.

इंजेक्शनांमुळेही व्यायाम बाद होत नाही, उलट त्याची गरज वाढते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भारतीय देहात ते मुळातच बेताचे. शिवाय सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत आहाराने वजन घटवलेल्या १९५ प्रौढांचे गट केले होते. वर्षअखेर सर्वांत चांगला निकाल लागला तो लिराग्लुटाइडला व्यायामाची जोड देणाऱ्या गटाचा. पुढे उपचार थांबल्यावरही, नुसते औषध घेतलेल्यांपेक्षा या गटाने घटलेले वजन अधिक टिकवले.

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे: बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत धाप लागेल अशी हालचाल. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडे सरसकट वगळला जातो. जिमची फी परवडत नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यानेही सुरुवात होते.

एवढेही किती जणांकडून होते? २०२४ च्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ या प्रमाणाच्या खाली होते. २००० मध्ये ते सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये हा आकडा ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. या मोजमापात घरकामही धरले जाते, त्यामुळे ‘बायकांचा व्यायाम घरातच होतो’ हा युक्तिवाद टिकत नाही. दिवसभर राबणे आणि धाप लागेल अशी सलग हालचाल यांत फरक आहे. तिला स्वतःसाठी वेळ मिळतो तो बहुधा दुपारी, डबे आणि शाळा उरकल्यावर. आणि दुपारी बऱ्याच शहरांत उद्यानांची फाटके कुलूपबंद असतात.