मृदू नकाराची विद्या

घरांची दलाली करणाऱ्यांना आजकाल ‘भावनिक बुद्धिमत्ते’चे धडे दिले जातात. गिऱ्हाइकाचे मन ओळखा, त्याची भीती जाणा, मगच बोला. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही संकल्पना मांडली आणि डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती व्यापारी जगात रूढ केली. दुसऱ्याचे मन जाणणे हा सद्गुणच होय. परंतु हे जाणणे कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

मुंबई-पुण्यात भाड्याच्या घरासाठी एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली सर्रास घेतली जाते. व्यवहार जमला तर पैसे. फिसकटला तर सारी पायपीट फुकट. शिवाय भाडेकरू एकदाच येतो, घरमालक मात्र पुन्हा पुन्हा येणार असतो. म्हणून दलालाची सहृदयता भाडेकरूशी गोड बोलते आणि मालकाची मर्जी राखते. यात त्याला खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. दुचाकीवर वणवण करणाऱ्या या बिनपगारी तरुणाला स्वतःचे हसूही विकावे लागते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातील सेविकांचे हास्य आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांची जरब ही दोन्ही श्रमाचीच रूपे आहेत, असे दाखवून दिले. दलालाच्या वाट्याला दोन्ही येतात.

माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, गेल्या वर्षी पुण्यात घर शोधत होता. तो मुसलमान आहे. दलाल अत्यंत अदबीने म्हणाला, “सर, तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं. पण सोसायटीचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हालाच तिथं अवघडल्यासारखं होईल.” मला हे सांगताना विद्यार्थी म्हणाला, “सर, त्याच्यावर रागावताही येईना.” अपमान करायचा आणि अपमानिताकडूनच समजूतदारपणाची अपेक्षा ठेवायची, हे या विद्येचे खरे कौशल्य. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी विश्रामगृहातून लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पण त्यानंतर आसऱ्यासाठी ज्या दोन स्नेह्यांकडे ते गेले, त्यांनी हात उगारला नाही. एकाने नोकर सोडून जातील म्हटले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हटले. शहर सोडण्यापूर्वीचे तास कमाठी बागेत काढावे लागावेत अशी व्यवस्था सौजन्यानेही होऊ शकते.

कायदा येथे काय करतो? २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने दलालांना नोंदणी सक्तीची केली, खोट्या जाहिरातींना बंदी केली. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यांच्यासाठी परीक्षाही आली. हे स्वागतार्ह आहे. मात्र केवळ भाड्याचे व्यवहार करणारा दलाल या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. आणि २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते राखणारा पोटनियम वैध ठरवला, तेव्हापासून सोसायट्यांना आयतीच ढाल मिळाली आहे.

तरीही एक वाट मोकळी आहे, असे मला वाटते. घटनेच्या कलम १५ (२) नुसार धर्म, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कोणाही नागरिकाला दुकानात मज्जाव करता येत नाही, आणि हे कलम खाजगी व्यक्तींनाही बांधते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की येथे ‘दुकान’ हा शब्द संकुचित अर्थाने वापरलेला नाही. मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. मग दलालाची कचेरी दुकान का नव्हे? सोसायटीचा पोटनियम सोसायटीपुरता. दलाल काही तिचा सभासद नव्हे.

हा मुद्दा न्यायालयात टिकेल की नाही हे वकिलांनी पाहावे. कार्यकर्त्यांचे काम त्याआधीचे आहे. आपापल्या वस्तीत ज्यांना घर नाकारले गेले, त्यांच्याकडून तारीख, पत्ता आणि दलालाचे नेमके शब्द लिहून घ्यावेत. शब्द गोड असतील; तसेच लिहावेत.