ताडोबाच्या लेकी, सिमलीपालच्या सुना

ओडिशातल्या सिमलीपालचे काळे वाघ फोटोत पाहिलेत? पट्टे इतके रुंद की वाघ काळाच दिसतो. एकदम कूल! पण बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने २०२१ मध्ये सांगितलेला त्यामागचा फंडा तितकासा कूल नाही. जनुकातला एक छोटासा बदल आई-बाप दोघांकडूनही आला, तरच पिल्लू काळं होतं. इथे वाघ मोजके, बाहेरच्यांशी संबंध तुटलेला. म्हणजे घरातल्या घरातच सोयरीक! हे शोधायला प्रत्येक वाघ पकडावा लागत नाही बरं का. विष्ठा, गळालेले केस यांतल्या डीएनएवरून नाती कळतात. नुसते वाघ मोजून काय होणार? सगळेच सख्खे-चुलत असले तर एखादी साथही सगळ्यांना भारी पडू शकते.

म्हणून २०२४ च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे धाडल्या. झीनत मात्र सासर सोडून झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये! बांकुऱ्यात बेशुद्ध करून तिला परत आणावं लागलं. या दोघींची तिथली पिल्लं बहुधा नेहमीसारखी पिवळीधमकच निघतील. काळ्या वाघाच्या फोटोसाठी धावणारे हिरमुसतील. हिरमुसू देत.