दत्ताजीराव भेटले नसते तर?

दोस्तांनो,

'हालअपेष्टा सोसणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या तुम्हाला आवडतात का?' असं आम्ही या पानावर विचारलं होतं. पत्रांचा हा ढीग जमलाय! 'श्यामची आई' अर्थातच सगळ्यांच्या पुढे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक तुम्हालाही रडवतंच की! पण आज बोलायचंय ते एका जाडजूड पाकिटाबद्दल. पाकीट एक आणि आत पत्रं तीन. आलंय काटेवाडीहून. बारामतीहून भवानीनगरकडे निघालात की वाटेत लागतं ते. वारीत तुकोबांच्या पालखीला जिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, तेच हे गाव.

तिघं एकाच वर्गातली. 'नाव छापू नका' अशी तिघांचीही अट. मान्य! तिघांनी वाचलंय आनंद यादवांचं 'झोंबी'. हे पुस्तक आलं 1987 साली, आणि 1990 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कागलच्या आनंदाला वडिलांनी शाळेतून काढून शेतात जुंपलंय. त्याला मात्र शिकायचंय. शेवटी आई त्याला घेऊन गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जाते. ते वडिलांना चांगलंच फैलावर घेतात. वडील कबूल होतात, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचं, मग शाळा. शाळा सुटली की गुरं चारायची. आणि शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची!

पहिलं पत्र एका मैत्रिणीचं. ती आनंदाच्या वडिलांवर जाम चिडलीय. 'स्वतः गावभर हिंडायचं आणि पोराला कामाला लावायचं! मला त्यांचा इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं,' असं ती लिहिते.

दुसरं पत्र तिच्याच बाकावरच्या मुलीचं. तिचं म्हणणं एकदम उलट. 'उसाला पाणी द्यायची पाळी रात्री आली की माझे पप्पाही मला बॅटरी धरायला उठवतात. सकाळी वर्गात डुलक्या येतात. पण ते वाईट नाहीत. घरात माणसंच कमी आहेत.'

दोघींचं यावरून भांडण झालं म्हणे! होऊ द्या. एकाच पुस्तकावरून दोघींना भांडता आलं, म्हणजे दोघींनीही ते नीट वाचलंय.

तिसरं पत्र अगदी छोटं. वहीचा अर्धा कागद. 'ताई, आम्ही ऊसतोडीला आलोय. कोपीवर राहतो. पट्टा पडला की गावाकडं जाणार. आनंदाला दत्ताजीराव भेटले, म्हणून तो शिकला आणि त्यानं पुस्तक लिहिलं. ज्यांना कुणीच भेटत नाही त्यांची पुस्तकं कुठं असतात?'

खरं सांगू? हे पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कष्टांतून वर आलेल्यांची पुस्तकं आपण वाचतो आणि म्हणतो, 'बघा, जिद्द असली की सगळं जमतं!' पण जिद्द असूनही जे मागेच राहिले, ते पुस्तक लिहायला कुठून येणार? कधीकधी त्यांच्याकडे नीट पाहणारा कुणीतरी लिहितो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) काढून पाहा. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात. हे सगळं आपल्याला दिसतं ते तिथल्या तरुण मास्तरच्या डोळ्यांनी.

आता कोपीवरच्या दोस्ता, तुझ्यासाठी दोन गोष्टी. पहिली कामाची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळा हक्काची केलीय. वर्षाच्या मध्येच गाव बदललं तरी शाळेला 'नाही' म्हणता येत नाही. गावी गेलास की हे घरच्यांना सांग आणि पहिल्याच आठवड्यात शाळेत जा. दुसरी गोष्ट 'झोंबी'तलीच. शेतात पाणी पाजताना आनंदाला आधी एकटेपणा खायला उठायचा. पुढं मास्तरांनी कवितेची गोडी लावली आणि तोच एकटेपणा त्याला आवडायला लागला, कारण कविता मोठ्यानं म्हणता यायच्या! म्हशीच्या पाठीवर काडीनं तो कविता लिहायचा. अर्ध्या कागदावर तू सुरुवात केलीच आहेस. थांबू नकोस.

आणि बाकीच्यांनो, तुम्हाला दत्ताजीराव होता येणार नाही, ठीक आहे. पण आनंदाच्या वर्गात वसंत पाटील नावाचा हुशार मुलगाही होता. त्याच्याशी दोस्ती झाली आणि आनंदाला वर्ग आपला वाटायला लागला. तेवढं तर जमेल? हंगामात तुमच्या वर्गात कुणी नवं आलं, तर त्याला शेजारी बसवा. बुडालेल्या धड्यांची वही द्या. आणि तो परत जायला निघाला की गावचा पत्ता मागून घ्या.

पुढच्या वेळी कळवा, तुमच्या शेजारी कोण बसलं?

तुमची,
ताई